वडाची अकराशे पानं

"करपा किती एकरावर आलाय?" आण्णांनी फोनवर विचारलं.

"एकर नाही, आण्णा. एकच झाड आहे."

"एकच? मग त्येला फोन कशापायी? उपटून टाक आन दुसरं लाव."

"वड आहे."

मग आण्णांचा आवाज एकदम खाली आला. "वडाला करपा? केवढा वड म्हणायचा?"

"अडीच फूट."

यावर माझे वडील जे हसले, ते मणेराजुरीपासून सांगलीपर्यंत तारेशिवायही ऐकू आलं असतं. मला असा संताप आला! इथे माझ्या संसाराला सुरुंग लागायची वेळ आली होती आणि हे हसत होते. मी फोन आपटणारच होते, तेवढ्यात त्यांना माझा हुंदका ऐकू गेला असावा. हसू थांबलं. "नीट सांग, वैजू," ते म्हणाले.

नीट सांगायचं तर गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. लग्नाला चार वर्षं झाली होती. माझे सासरे प्राध्यापक चौगुले, म्हणजे आमचे आप्पा, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. घराच्या गच्चीवर त्यांची चाळीस बोन्साय होती आणि त्या चाळिसांत राजा म्हणजे हा वड. माझा नवरा सम्मेद जन्मला त्या वर्षी कॉलेजच्या कठड्याच्या फटीत उगवलेलं रोप आप्पांनी खरवडून घरी आणलं होतं. तीस वर्षं त्यांनी ते एका उथळ तबकात वाढवलं. त्याला पारंब्या होत्या, खोडाला ढोल्या होत्या, सगळं एखाद्या गावच्या पारावरच्या वडासारखं, फक्त कवेत मावेल एवढं. सम्मेद म्हणायचा, "आप्पांना दोन मुलगे. दुसरा कुंडीत आहे आणि बोलत नाही, म्हणून लाडका."

मी द्राक्षबागेत वाढलेली. चालायला लागल्यापासून वेलीखाली. पण गच्चीवरच्या झाडांना हात लावायची मला मुभा नव्हती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी आगाऊपणा करून म्हटलं होतं, "आप्पा, या डाळिंबाला पालाश कमी पडतंय." आप्पा हसून म्हणाले, "वैजयंता, तुमच्याकडे झाडं एकरात मोजतात. इथे पानात मोजतात." इतक्या गोड शब्दांत म्हणाले, की चार वर्षं ते मला टोचत होतं. रागावले असते तर मी विसरूनही गेले असते.

त्या वर्षी सप्टेंबरात नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई आणि आप्पा नागपूरला गेले. सम्मेदला झाडांचं वावडं, तेव्हा आप्पांचा नाइलाज झाला आणि गच्ची माझ्याकडे आली. जाताना त्यांनी एक वही दिली. प्रत्येक झाडाला एक पान, कधी पाणी, किती पाणी, सगळं. आणि वडापाशी उभं राहून म्हणाले, "नोव्हेंबरात आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. या वर्षी वड पहिल्यांदा ठेवायचा आहे. तीस वर्षं मी थांबलो, आता तो तयार आहे. मी येईन तेव्हा मला तो असाच हवा."

वहीत वडाच्या पानावर एक ओळ दोनदा अधोरेखित केलेली होती. रोज सायंकाळी पानांवर बारीक फवारा.

आमचं घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असतात. मग पुढचा सबंध संध्याकाळचा वेळ मोकळा, आणि तो आप्पांचा फवाऱ्याचा वेळ. निवृत्तीनंतर त्यांना त्याचं व्यसनच लागलं होतं म्हणा ना. मीही परीक्षेला बसल्यासारखी रोज सातच्या सुमाराला गच्चीवर जाऊन पान न् पान भिजवत होते. त्यात त्या वर्षी पाऊस हटायला तयार नव्हता. शिवाय जूनमध्ये आप्पांनी गच्चीला चारी बाजूंनी हिरवी जाळी बांधून घेतली होती, त्यामुळे वाऱ्यालाही मज्जाव. तीन आठवड्यांत वडाच्या पानांवर तपकिरी ठिपके आले. ठिपक्यांभोवती पिवळी कडी आली. मग पानं गळायला लागली.

रात्रभर ओलं राहिलेलं पान म्हणजे करप्याला आवतण, हे मणेराजुरीतलं शाळेत न जाणारं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण वहीत लिहिलंय ना, दोनदा अधोरेखित केलंय ना, म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. आप्पांना दाखवायचं होतं, की मलाही पानात मोजता येतं. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

बोन्साय मंडळाच्या चिटणीस निमकर वहिनी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "दुधाच्या बोळ्यानं पानं पुसून काढ, बाई. माझ्याकडे असंच करतात." दोन दिवस मी पानं पुसली. तिसऱ्या दिवशी साठ पानं तबकात पडली होती. तेव्हा मी आण्णांना फोन लावला होता.

"ठिपक्याच्या मधी काळं दिसतंय का? टाचणीच्या डोक्यायेवढं?" आण्णा आता हसत नव्हते.

"दिसतंय."

"मग त्ये पान गेलं म्हणून समज. कितीबी औषध मार, जुनं पान बरं व्हत न्हाई. त्या पानावरनं रोग शेजारच्या पानावर उडी मारतोय."

मग दोन दिवस मनात घोळत होतं ते एकदाचं बोलले. "आण्णा, सगळीच पानं काढली तर?"

आण्णा फोनवरच खाकरले.

"काढायची की," ते म्हणाले. "दरसाल करतोय आपण. छाटणीच्या आदी पानगळ करतोच न्हवं? सगळी काढायची, सगळी जाळायची, उघड्या काडीवर बोर्डो मारायचं. नव्या फुटव्याला रोग न्हाई."

"वडाला चालतं?"

"चालतंय म्हंजे? पळतंय! उद्या पहिल्या गाडीनं येतो मी."

"अहो, पण तुमची छाटणी?"

"छाटणी कुठं पळून चाललीया?"

ऑक्टोबरची छाटणी पळून जात नाही, पण मजूर जातात. टोळी ठरलेली असते, तारीख ठरलेली असते, आणि एक दिवस चुकला तर टोळी दुसऱ्याच्या बागेत जाते. आण्णा छाटणीच्या दिवसांत माझी आजी सांगलीच्या दवाखान्यात होती तेव्हाही आले नव्हते. मला हे तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं, की आण्णा येतायत.

सकाळी साडेसातला ते दारात हजर. पिशवीत मोरचूद, चुना, हातपंप आणि द्राक्षाचे मणी विरळायच्या तीन बारीक कात्र्या. चहा घेतला आणि थेट गच्चीवर. चपला जिन्यातच काढल्या. मला वाटलं, आता पुन्हा हसतील. पण त्यांनी वडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि उकिडवे बसले.

"एवढ्याशा परातीत तीस वर्सं?"

"हो."

"राखलंय मातुर सरांनी." त्यांनी एक पारंबी बोटाच्या टोकानं हलवून पाहिली. "एवढं आमच्या बागंला कुणी जपलं न्हाई."

सम्मेदनं त्या दिवशी बँकेत रजा टाकली होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "आण्णा, चातुर्मास चाललाय. आमच्या घरात चार महिने मेथीची जुडी येत नाही, आणि तुम्ही वडाची सगळी पानं..? आईला कळलं तर?"

हे माझ्याही मनात डाचत होतंच. आण्णाही जैनच. त्यांनी शांतपणे कात्रीवर रॉकेलचा बोळा फिरवला. "जावईबापू, रोगट पान ठिवलं तर झाड मरंल. मग त्ये पाप कुणाच्या माथी मारायचं? तुम्ही सांगा, मी आत्ता माघारी जातो."

सम्मेदनं माझ्याकडे पाहिलं. मग तो पुढे आला आणि त्यानं तिसरी कात्री उचलली.

"पान कापायचं, देठ ठिवायचा," आण्णा सांगू लागले. "देठाच्या बगलंत डोळा असतोय, नवी फूट तिथनंच येती. देठ आपसूक गळला, तर फांदी जित्ती. वाळून तसाच चिकटून बसला, तर फांदी मेली. धा-बारा दिसांत कळंल. काप, वैजू."

पहिलं पान माझ्या कात्रीत होतं आणि हात जागच्या जागी थिजला होता. आप्पांचं "असाच हवा" कानात वाजत होतं. पान कापलं की मागे फिरता येणार नव्हतं, चिकटवता थोडंच येतं!

"काप," आण्णा पुन्हा म्हणाले.

कच्च. पांढरा चीक बोटावर आला.

आठ वाजता बसलो ते दोन वाजता उठलो. तिघांचे हात चिकानं काळे झाले होते. सम्मेदला सवयच आहे, तो मोजत होता. एक हजार एकशे चौदा पानं. सगळी पोत्यात भरून आण्णांनी पोत्याचं तोंड बांधलं. मी मान वर केली आणि वडाकडे पाहिलं. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला उघडं पाहिल्यासारखं वाटलं. नजर वळवून घेतली मी.

मग बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीवरचं औषध, करायची वेळ आली आणि वेगळीच तारांबळ उडाली. आण्णांनी आयुष्यात पिंपाशिवाय बोर्डो केलेलं नव्हतं. "शंबर लिटरला किलो मोरचूद, किलो चुना," एवढंच त्यांना पाठ.

"आपल्याला एक लिटर पुरे," मी म्हटलं.

"म्हंजे किती?"

"दहा-दहा ग्रॅम," सम्मेद म्हणाला.

"धा ग्रॅम? धा ग्रॅम तर वाऱ्यानं उडून जातंय!"

शेवटी सम्मेद गल्लीतल्या सराफाकडून तोळ्यामाशाचा काटा मागून घेऊन आला आणि माझ्या वडिलांनी सोनं तोलावं तसा मोरचूद तोलला. निळं पाणी आणि चुन्याची निवळी एकत्र केली. मग त्यांनी माझी स्वयंपाकघरातली सुरी मागून घेतली आणि त्यात बुडवली. बाहेर काढली तर पात्यावर तांबूस साय. "तांबं चढलं. चुना कमी," ते म्हणाले. आणखी चिमूट चुना घातला, पुन्हा सुरी बुडवली, पुन्हा तांबूस. तिसऱ्यांदा सुरी स्वच्छ निघाली, तसे ते खूश झाले. उघड्या वडावर निळा फवारा बसला. मातीवर, पारंब्यांवर, आण्णांच्या धोतरावरसुद्धा.

जायच्या आधी त्यांनी वाऱ्याच्या बाजूची हिरवी जाळी सोडून गुंडाळून ठेवली. "आता हात बांधून ऱ्हा. पान न्हाई म्हंजे तहान न्हाई. माती सुकल्याबिगर पाण्याचा थेंब घालू नगंस. आन फवारा इसर."

पाचला त्यांना जेवायला वाढलं. दारात चपला घालताना ते म्हणाले, "सरांना मी सांगू का?"

"नको. मी सांगेन."

"बरं," म्हणाले आणि स्टँडकडे गेले.

मी सांगितलं नाही. धीरच झाला नाही. रविवारी आप्पांचा नागपूरहून फोन आला. नणंदेला मुलगी झाली होती, सगळे आनंदात होते. शेवटी आप्पांनी विचारलं, "वड?"

"आहे," मी म्हटलं.

"पाणी?"

"माती सुकली की घालते."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आहे म्हणजे होताच की तो. पण कसा आहे ते निमकर वहिनींनी पाहिलं आणि गच्चीवरच किंचाळल्या. "अगं बाई! भुंडा केलास की गं वड! सरांना आता काय तोंड दाखवणार तू?" मंडळात बातमी पसरली. दोघी-तिघी तर मयताला यावं तशा येऊन बघून गेल्या. मी रोज पाच-पाच वेळा गच्चीवर जाऊन देठ बघत होते. एकही गळला नव्हता. आठवा दिवस, नववा दिवस, दहावा. देठ हिरवे ते पिवळे झाले आणि तसेच चिकटून राहिले. वाळून चिकटला तर मेली. रात्री झोप नाही, जेवण गोड लागेना. एकदा तर मी देठ ओढून बघायला हात पुढे केला होता. मग भीतीनं मागे घेतला, कारण ओढून निघालेल्या देठाला गळला म्हणत नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी रिक्षा थांबली. आप्पा एकटेच. बारसं उरकून निघाले होते. हातातली पिशवी खाली न ठेवता ते सरळ जिना चढले. मी त्यांच्या मागे. मनाशी ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही.

आप्पा वडासमोर उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

"मी."

"मगदूमांनी, तुझ्या वडिलांनी केलं ना?"

"नाही. आण्णा आले होते मदतीला. पण ठरवलं मी. पहिलं पान मी कापलं."

ते माझ्याकडे वळले. आता मागे हटायचं नाही म्हणून मी बोलून टाकलं. "आप्पा, रोग संध्याकाळच्या फवाऱ्यानं आला. आपण दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याशिवाय काही घालत नाही, आणि झाडाला मात्र रात्रभर भिजवत ठेवतो. पूर्वी तुम्ही सकाळी कॉलेजला जायच्या आधी फवारायचात, उन्हानं पान तासाभरात सुकायचं. आता संध्याकाळी फवारा आणि भोवती जाळी. मला हे कळत होतं, तरी मी वहीत लिहिलंय म्हणून करत राहिले. चूक माझी आहे. पण फवारा चूकच."

बोलले आणि मलाच घाम फुटला. सासऱ्यांना, त्यातून प्राध्यापकाला, चूक म्हणाले होते मी!

आप्पांनी एक बोट पुढे केलं आणि शेंड्याच्या फांदीवरच्या एका देठाला लावलं. नुसतं लावलं. देठ टपकन शेवाळावर पडला.

त्यांनी दुसऱ्याला बोट लावलं. तोही पडला. तिसरा, चौथा. मग उजवीकडची खालची मोठी फांदी. तिथला देठ हलला, पण पडला नाही. शेजारचाही नाही. आप्पांनी हात मागे घेतला.

"चहा टाक," ते म्हणाले आणि खाली गेले.

माफी होती की शिक्षा, मला काही उमजेना. पुढचे पाच दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. संध्याकाळी जेवण झालं की गच्चीवर जायचे, हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालायचे आणि खाली यायचे. फवाऱ्याच्या पंपाला त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हाक मारली. मी वर गेले तर उजवीकडच्या फांदीचे देठ कुरकुरीत वाळले होते. फांदी गेली होती. आप्पांनी करवत माझ्यापुढे धरली.

"तूच काप."

मी कापली. कापताना आम्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघांनीही ते एकमेकांना दाखवलं नाही.

पानगळीच्या सोळाव्या दिवशी सकाळी सातला मी झाडू घेऊन गच्चीवर गेले. उन्हाची पहिली तिरीप वडावर पडली होती. शेंड्याला, जिथून पहिला देठ गळला होता, तिथे गव्हाच्या दाण्याएवढं लालसर काहीतरी चमकलं. मी वाकले. शेजारी दुसरं. त्याखाली तिसरं. झाडू कुठे पडला कुणास ठाऊक. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन जिवाच्या आकांतानं ओरडले, "पोंगे! आप्पा, पोंगे फुटले!"

सम्मेद अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आला. आप्पा जैन बस्तीतून नुकतेच दर्शन घेऊन आले होते, सोवळ्यातच दोन-दोन पायऱ्या चढत आले. साठीचा माणूस!

"काय फुटलं? काय?"

"पोंगे! डोळे फुटलेत आप्पा, हे बघा, हे बघा, इथे पण!"

आप्पांनी चष्मा वर करून नाक झाडाला लावलं. मोजायला लागले. अठ्ठावीसपर्यंत आले आणि चुकले. पुन्हा पहिल्यापासून. चाळीस, एकेचाळीस, मग परत चुकले. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस तीनदा चुकला आणि चौथ्यांदा त्रेसष्टवर येऊन थांबला. "त्रेसष्ट," ते म्हणाले, आणि आवाज फुटला त्यांचा. सम्मेदनं मला उचललंच, आप्पांच्या समोर! साबण माझ्या केसांना लागला. मी खाली पळत जाऊन मणेराजुरीला फोन लावला.

"आण्णा, फुटला!"

"व्हय?" एवढंच म्हणाले. मग फोन तसाच धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं, "फुटला गं! वड फुटला!" आणि आईचा आवाज आला, "कुटला वड?"

प्रदर्शनात वड ठेवला तेव्हा त्याला नवी कोवळी पानं होती, तांबूस हिरवी, आधीच्या पानांच्या निम्मी. उजवी फांदी गेल्यामुळे झाड किंचित डावीकडे झुकल्यासारखं दिसत होतं. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई भिंग घेऊन त्याच्यापाशी वाकल्या. डाग शोधत होत्या. एकही नव्हता.

"पानगळ केव्हा केलीत, सर?"

आप्पा एक पाऊल मागे सरकले. "मला विचारू नका. मी नागपूरला होतो. हिला विचारा, माझी सून, वैजयंता. हे झाड तिनं वाचवलंय."

मी बोलायला लागले ती थांबलेच नाही. बाईंनी वही काढली आणि लिहून घेतलं. आमचा दुसरा नंबर आला. पहिला निमकर वहिनींच्या बोगनवेलीला, आणि तो निकाल मला अजूनही पटलेला नाही.

बाहेर येऊन आम्ही चौघं रसवंतीत बसलो. आण्णा फेटा बांधून आले होते. आप्पांनी पेला हातात घेऊन सहज विचारलं, "मगदूम, पुढच्या वर्षी उंबराचीही पानगळ करावी म्हणतो. तुम्ही वडाची दरवर्षी करता, ती नेमकी कोणत्या पंधरवड्यात?"

आण्णांना ठसका लागला.

"वडाची न्हाई वो," ते खाली बघत म्हणाले. "वडाची पानं मी जल्मात काढली न्हाईत. आमच्या बांधाला वडच न्हाई."

"आण्णा!" मी ओरडले. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. "दरसाल करतोय म्हणालात!"

"द्राक्षाची करतोय की."

"मी विचारलं होतं, वडाला चालतं का! पळतंय म्हणालात! आणि मेलं असतं तर? मी काय सांगितलं असतं?"

"काही सांगावं लागलं नसतं," आप्पा म्हणाले. "पानं काढली त्याच संध्याकाळी मला स्टँडवरून यांचा फोन आला होता. 'सर, तुमच्या वडाची पानं मी काढली. पोरगी नको म्हणत हुती, मी ऐकलं न्हाई. झाड गेलं तर काय बोलायचं त्ये मला बोला, तिला न्हाई.' बारसं होईपर्यंत मी तिथे दात-ओठ खात बसलो होतो. म्हटलं, घरी पोचलो की या माणसाला आधी फैलावर घेतो. आणि गच्चीवर येतो तर तू म्हणतेस, मी. तेव्हापासून विचार करतोय, दोघांतलं खोटं कोण बोलतंय."

मी आण्णांकडे पाहिलं. छाटणीची टोळी सोडून आलेला माझा बाप. त्यांना वडातलं काही येत नव्हतं. ते नुसते बोल स्वतःला लावून घ्यायला आले होते. मी पेला खाली ठेवला.

"खोटं मी बोललो, सर," आण्णा म्हणाले. "हिचं फोनवरच ठरल्यालं हुतं. कुणीतरी काप म्हणायला पायजे हुतं, म्हणून आलो. पयलं पान तिनंच कापलं. हात अडला हुता तिचा, पर कात्री सरळ बसली. बगत हुतो की मी."

आप्पा उठले. त्यांनी आण्णांच्या हातातला रिकामा पेला घेतला, आणि पोऱ्याला हाक न मारता स्वतः जाऊन भरून आणला.